झाकणाचं माप

हे लिहायचं नाही असं नितेशनं जवळजवळ ठरवलंच होतं. मोबाइलवर चार ओळी टाइप केल्या, पुसल्या. परत सहा ओळी, परत पुसल्या. लिहून ठेवण्यासारखं त्यात होतं तरी काय? गुरुवारी दुपारी एक बाई दुकानात आली, सुतळीचा तुकडा देऊन गेली. संपलं. त्याच्या व्हिडिओंच्या चॅनलवर टाकायची गोष्टच नव्हती ही. चॅनलवर तो रणगाड्यांवर बोलायचा, ड्रोनवर बोलायचा; कोणाकडं किती आहे, कोणाचं काय फुटतं, काय टिकतं. बारावीनंतर कॉलेजचं तोंडही न पाहता, डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यानं हे सगळं एकट्यानं गिरवलं होतं, आणि बोलताना तो कधी अडखळायचा नाही. चाळीस हजार लोक त्याला ऐकायचे. त्या सुतळीपाशी मात्र त्याचा आवाज बसला. ती आता वेल्डिंगच्या टेबलावरच्या खिळ्याला टांगली होती, दोन गाठींची, आणि ग्राइंडर चालू झालं की थरथरायची.

दुकान म्हणजे अमरावतीत बडनेरा रोडला खुशालरावांचं कूलरचं वर्कशॉप. होळी अजून व्हायची होती, पण ऊन आधीच पत्र्यावर येऊन बसलं होतं आणि लोकांना एकदम कूलर आठवले होते. नितेश एका चौकटीला जाळीचे वेल्डिंगचे टाके मारत होता. तोंडावर काळी काच, त्यामुळं आधी त्याला कोणी आल्याचं कळलंच नाही. टाका थंड झाल्यावर काच वर केली तर समोर धुळीनं पांढरी झालेली दोन पावलं, झिजलेली प्लॅस्टिकची चप्पल, आणि वर कौशल्याकाकू. कुलदीपची आई. कुलदीप म्हणजे नितेशचा पहिलीपासूनचा दोस्त, दर्यापूरच्या एकाच गल्लीतला, याच दुकानात दोन उन्हाळे त्याच्यासोबत पत्रा कापलेला. आणि आता सव्वातीन वर्षं झाली, अग्निवीर म्हणून फौजेत गेलेला, रणगाड्यावर गनर.

"काकू? तुमी अठी?"

"अठी नाई तं कोठी जाऊ? गीतांजलीकडं गेलती अकोल्याले. तथूनच येऊन राह्यली. पानी दे आधी, मंग इचारजो काय इचाराचं ते."

पाणी पिऊन झाल्यावर काकूनं पिशवीतून सुतळी काढली. हातभर लांब असेल, दोन ठिकाणी गाठ मारलेली. हळदीकुंकवाची पुडी द्यावी तशी तिनं ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"हे माप घे. झाकनाचं हाय. कुलदीप ज्याच्यातून मुंडकं वर काढते ना, त्या झाकनाचं. तू दाखोली ना तुया व्हिडिओत, आपली कूलरची जाळी? म्हने एवढ्यानंबी जीव वाचते. मंग करून दे एक. टाके जवळजवळ मार, कूलरले मारतं तसे लांबलांब नको."

मागं खुर्चीवर खुशालराव तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, पंखा बसून देऊ काय सोबत? अन् पान्याची मोटर?"

"तुमी चूप बसा भाऊजी. तुमच्या कूलरचं पानी दोन साल झाले माया घरात गयते, ते आधी पाहा."

खुशालराव हसले. नितेशला हसू आलं नाही. हे माप तिनं आणलं कुठून? अकोल्याला एका बागेत चौथऱ्यावर जुना रणगाडा ठेवलेला आहे, कुठल्यातरी जुन्या लढाईतला, साखळीच्या कुंपणात. लेकीला घेऊन काकू तिथं गेली होती. चौकीदार म्हणाला, हात लावू नका. काकू म्हणाली, माया पोट्टा याच्यात बसते. मग तो चौकीदार स्वतःच वर चढला, सुतळीचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं गीतांजलीनं. काकू खाली उभी राहून, ताण, ताण, ढील देऊ नको, असं ओरडत होती. झाकणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिथं आणि तिथं गाठ.

"पन काकू, तो टँक जुना हाय. लय जुना. कुलदीपचा येगळा असते. झाकनबी येगळं."

काकूनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं पहिलीत असताना तिच्या घरातला डबा उघडा ठेवून पळाल्यावर पाहायची. "टँक जुना असो का नवा," ती म्हणाली, "त्याच्यातून निघनारा मानूस तं तेवढाच ना बापा?"

फौज घरून आलेली जाळी लावत नाही, कोणी लावू देत नाही, हे सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं, ते तिथंच राहिलं. काकू उठली, पदर खोचला आणि जाताजाता, खरं जे विचारायला आली होती ते विचारलं. "रईवारी त्याचा फोन येईन तुले. सोमवारी त्याले कागद भराचा हाय, फौजेत राहाचं का चौथं साल झाल्यावर घरी याचं. चारातला एकच ठेवतेत म्हने. मी म्हनलं, भरूच नको, ये. तो म्हने नितेशले इचारतो, त्याले समजते त्यातलं. तू सांगशीन तसं करन तो. मले बी सांग. टिकते का नाई टिकत तो टँक? हो का नाई, येवढंच सांग."

"काकू, ते असं हो-नाईत..."

"व्हिडिओत तं लय सांगतं भडाभडा."

ती दर्यापूरची बस पकडायला गेली. नितेशनं काच परत तोंडावर ओढली. काचेच्या आत सगळं काळं, टाका पेटला की तेवढा एक ठिपका हिरवा. म्हणजे लोक म्हणतात हिरवा. त्याच्यासाठी तो नुसता उजेड होता.

त्या हिरव्यापायीच तर सगळं झालं होतं. दुकानात आल्याच्या पहिल्याच महिन्यात त्यानं एका मास्तरांचा कूलर हिरव्याऐवजी लाल प्रायमरनं रंगवून ठेवला होता, आणि खुशालराव डोक्यावर हात मारून म्हणाले होते, अबे, डोळे कोठी गहान ठेवले? तेव्हा कळलं की मेंदीचा हिरवा आणि गंजाचा लाल नितेशला एकच दिसतात. घरी कोणाला पत्ता नव्हता, त्याला स्वतःलाही नव्हता. त्याला वाटायचं सगळ्यांनाच असं दिसतं आणि लोक नावं अंदाजानं घेतात. दुसऱ्या दिवशी तो आला तर रंगाच्या प्रत्येक डब्यावर खडूनं अक्षर लिहिलेलं. हि. ला. पां. कुलदीपनं कोणाला काही न सांगता लिहून ठेवलं होतं. यावर दोघांत कधी एक शब्दही झाला नाही. डबा संपला, नवा आला की त्यावर अक्षर आपोआप यायचं. आणि मग दोघं मिळून भरतीच्या मागं लागले, पहाटे दर्यापूर-अंजनगाव रस्त्यावर सोळाशे मीटर, नितेश उंच, ढांगा टाकत पुढं, कुलदीप बुटका, मागून फेसाळत यायचा आणि ओरडायचा, "अबे जिराफा, हळू पळ ना बे, अठी कोनी तुले बक्षीस देऊन नाई राह्यलं!" पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून एकेक बूट दोन किलोचा व्हायचा, तरी पळायचे. रंगाच्या तपासणीचं काय, हा प्रश्न होताच. कुलदीपनं कुठूनतरी डॉक्टर वापरतात ते ठिपक्यांचं पुस्तक पैदा केलं, दर पानावर रंगीत ठिपक्यांत लपलेला एक आकडा. महिनाभर गच्चीवर बसून त्यानं नितेशकडून ते पाठ करून घेतलं, पाढ्यासारखं. पहिलं पान बारा. दुसरं आठ. तिसरं... नितेशला पानावर नुसते ठिपके दिसायचे, बाजरी सांडल्यासारखे, पण तोंडानं तो धडाधड आकडे म्हणायचा, आणि कुलदीप खूश होऊन त्याच्या पाठीत गुद्दा घालायचा. भरतीच्या दिवशी डॉक्टरनं पुस्तक मधूनच उघडलं.

तेवढंच. मधूनच उघडलं. नितेश पहिल्या पानाचा आकडा म्हणाला, मग दुसऱ्या पानाचा, आणि डॉक्टरनं मान वर न करता कागदावर शिक्का मारला. बाहेर कुलदीप रांगेत होता, बनियनवर, छातीवर पेनानं नंबर लिहिलेला. त्यानं लांबूनच बोटं उंचावून विचारलं, झालं? नितेशनंही बोटं उंचावली, झालं. आपण खोटं का बोललो हे त्याला आजही सांगता येत नाही. बहुतेक कुलदीप रांगेतून निघून येईल असं वाटलं असेल. आला असता. नक्की आला असता.

पुढं यादीत नितेशचं नाव आलं नाही, तो म्हणाला, मार्क कमी पडले; आणि कुलदीप एकटाच नगरला ट्रेनिंगला गेला. फोनवर हसत सांगायचा, "बुटके पायजेत बे टँकले! आयुष्यभर तुमी मले बुटका म्हनलं, अन् अठी साहेब म्हनते, शाब्बास, मस्त साइज हाय." पुढं राजस्थानात पोस्टिंग. आत कसं असतं, असं नितेश खोदून खोदून विचारायचा आणि कुलदीप म्हणायचा, फोनवर नको. पण उन्हाचं सांगायचा. तापलेल्या लोखंडाचा वास, डिझेलचा, तीन माणसांच्या घामाचा. गुडघे पोटाशी, समोर काच, काचेत वाळू. "खुशालकाकाले सांग, अठी एक कूलर पाठवा. पन खरं सांगू, अकोल्याचा मे महिना काढेल मानूस हाव मी, मले काई होत नाई. बाकीचे पोट्टे गळते." तो बोलायचा आणि नितेश फोन कानाशी घट्ट दाबून धरायचा, म्हणजे त्या वाळूचा आवाज ऐकू येईल. हवं होतं त्याला ते. कुलदीपचा हेवा वाटायचा असं नाही; हेव्यात निदान राग तरी असतो. हे म्हणजे जेवायच्या ताटावरून उठवलेल्या माणसानं दाराबाहेर उभं राहून पोळीचा वास घेत राहावं, तसं काहीतरी होतं. चॅनल त्यातूनच सुरू झालं. आत जाता येत नाही, तर बाहेरून तरी सगळं पाठ करायचं. पहिलं पान बारा, दुसरं आठ.

आणि पाठ केलं त्यानं. युक्रेनच्या लढाईच्या व्हिडिओंचे शेकडो तुकडे पाहिले. वरून घेतलेले, आकाशातून, मुके. शेतात एक रणगाडा उभा असतो, काड्यापेटीएवढा. चित्र खाली खाली येतं, मोठं होतं, आणि एकदम बंद. दुसऱ्या ड्रोननं घेतलेला धूर मग दिसतो. नितेश ते थांबवून थांबवून बघायचा, चाकं मोजायचा, कोणतं मॉडेल ते ओळखायचा, वहीत लिहायचा. समोरचं चिलखत जाड, वरचं पातळ. जन्मभर समोरून मार खायला शिकलेली वस्तू वरून मरते. आपल्याकडं हजारो आहेत, बहुतेक जुन्या घडणीचे, नवीन होता होता वर्षं जातात. पलीकडच्यांकडं ड्रोनचे थवे. मग टिकणार कसे? याच्यावर दीड महिन्यामागं त्यानं तो व्हिडिओ केला होता, "रणगाड्याचे दिवस भरले". शेवटी हातात कूलरची जाळी धरून म्हणाला होता, बघा, या असल्या जाळीवर आज कोट्यवधींचा रणगाडा जगतो आहे. लोकांना तेवढंच आवडलं. दोन लाखांनी पाहिलं. कुलदीपनं फक्त एक अंगठा पाठवला. काकूनं मात्र, गीतांजली सांगत होती, तो व्हिडिओ रोज पाहिला. तिला वाटायचं हा कुलदीपची खबर सांगतो. रोज तोच व्हिडिओ, आणि रोज शेवटी ती जाळी.

शुक्रवारी सकाळी खुशालरावांनी त्याला जाड तारेची जाळी आणायला अकोल्याला धाडलं. अमरावतीत मिळाली असती, पण खुशालरावांचा जुन्या शहरातला तो एकच व्यापारी, तीस वर्षांचा. बसच्या खिडकीतून काळी, मोकळी पडलेली रानं मागं जात होती, आणि नितेशला पहिल्यांदाच प्रत्येक रान वरून कसं दिसेल ते दिसत होतं. हा चौकोन, ही पाऊलवाट, हे एकटं झाड. लपायला कुठंच काही नाही. मोर्णा नदी ओलांडून त्यानं जाळीचं भेंडोळं घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि परत फिरायच्या ऐवजी पाय त्या बागेकडं वळले.

रणगाडा तसाच होता. लहानपणी सहलीला आले होते तेव्हाही तसाच. तेव्हा कुलदीप नळीवर लोंबकळला होता आणि मास्तरांनी त्याला कान धरून उतरवलं होतं. आता नळीत कबुतरांनी काड्या भरल्या होत्या. चौकीदार झाडाखाली पेपर वाचत होता. नितेशनं सांगितलं, परवा सुतळी घेऊन आलती ना ती बाई, मी तिच्याकडून आलो. चौकीदार लगेच उठला. "ते माय! चढा, चढा. मले म्हने ढील देऊ नको. माया बायकोनं कधी मले असं झापलं नाई." लोखंड इतकं तापलं होतं की तळहात टेकवता येईना. नितेश गुडघ्यांवर रांगत वर गेला आणि झाकणापाशी थांबला. झाकण वेल्डिंग करून बंद केलेलं होतं. पोरं आत पडू नयेत म्हणून केलं असणार. चारी बाजूंनी टाका ओढलेला, तोही गचाळ, घाईतला, मधेमधे पोकळ. खुशालरावांनी असा टाका पाहिला असता तर कानाखाली काढली असती. त्यानं बोट फिरवलं. वेल्डरचं बोट, त्याला आपोआप कळतं कुठं पक्कं आहे, कुठं नुसता थर. आणि फिरता फिरता बोट एका पोकळ जागी थांबलं. इतके व्हिडिओ पाहिले, इतकी झाकणं पाहिली. काही उघडी होती, काही मिटलेली. त्यानं चाकं मोजली होती. झाकणाखाली कोणी आहे का, कोणाचा हात त्याला आतून लागलेला आहे का, हे त्यानं एकदाही थांबवून पाहिलं नव्हतं.

अमरावतीला आल्यावर त्यानं दुकानाच्या फरशीवर सुतळी ठेवली. पहिल्या गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत मधोमध धरून खडूनं गोल काढला आणि त्यात उभा राहिला. मग बसला. गुडघे पोटाशी घेतले तरी ते गोलाबाहेर जात होते. खांदे बाहेर जात होते. तो मावत नव्हता. कुलदीप मावला असता, बरोब्बर मावला असता, मापानं घेतल्यासारखा. खुशालराव बघत होते. त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि म्हणाले, "काय करून राह्यला बे? अंडे देतं काय?" मग थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात, "कुलदीप येते म्हनून सांगितलं काय त्यानं? मी तं म्हनतो, आला तं दोघं मिळून घ्या दुकान. मायं आता डोळ्यानं निभत नाई."

दोघं मिळून. हे खुशालराव आजच म्हणाले नव्हते. हेच ते दोन महिन्यांमागं म्हणाले होते, संक्रांतीच्या सुमाराला, आणि नितेशनं त्याच दिवशी कुलदीपला फोन लावला होता. डोक्यात दुकानाची पाटीसुद्धा रंगवून झाली होती, दोघांची नावं, कुलदीपचं आधी. तो सांगणारच होता. पण कुलदीपच आधी बोलला. "मले अठी आवडून राह्यलं बे. वाटते राहूनच जावं. ठेवलं तं." नितेश म्हणाला, मस्त. म्हणाला, अबे, भारी ना. दुकानाचं काही बोललाच नाही. आणि फोन ठेवल्यावर त्यानं वही उघडली. तो व्हिडिओ त्यानं त्याच आठवड्यात लिहायला घेतला होता. खडूच्या गोलात बसल्या बसल्या हे त्याला दिसलं, साधं, तारखांसारखं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. वरचं चिलखत पातळच असतं. ड्रोन स्वस्तच असतात. पण त्याच वहीत दुसरंही लिहिलेलं होतं, आणि ते त्यानं गाळलं होतं. की एकटा सोडलेला रणगाडा मरतो. सोबत चालणारं पायदळ असेल, मागं तोफा, वर आपली नजर, समोरच्याचे ड्रोन आंधळे करणारी यंत्रं, तर तोच रणगाडा अजून ज्या जागी जातो तिथं दुसरं काहीच जात नाही. आपल्याकडं हे सगळं पुरेसं आहे का? पुरेसं नाही. होतं आहे का? होतं आहे, हळू. किती हळू, हे नक्की कोणाला माहीत आहे? नितेशला तरी नव्हतं. एवढं खरं त्याच्याजवळ होतं, आणि त्यातलं अर्धंच त्यानं कॅमेऱ्यासमोर ठेवलं होतं, कारण अर्ध्यानं कुलदीप घरी येत होता. शत्रूचा थवा त्यानं बोलावला होता, दोस्ताला परत आणायला.

शनिवारभर त्यानं जाळी केली. जाड तार, टाके इतके जवळ की मधे बोटाचं पेर मावू नये. गोल चौकट, आडव्या दोन पट्ट्या. करून झाल्यावर ती हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याला कळलं काय चुकलं ते. वरून येणारं थांबेल, पण खालचा माणूस निघेल कुठून? त्यानं ग्राइंडर लावलं आणि एक बाजू कापून काढली. कूलरच्या दाराला लावतात त्या बिजागऱ्या लावल्या, जाडातल्या, दोन. कडी बसवताना खुशालराव म्हणाले, "बाहीरून लाव, सोपी पडते." नितेशनं आतून लावली. उघडायचं की मिटायचं, ते आत बसणाऱ्याच्या हातात. दहा वेळा उघडून पाहिली, दहा वेळा मिटून पाहिली, तेल घातलं. कोणत्याच रणगाड्यावर ती बसणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्यानं आयुष्यात इतका साफ टाका कधी मारला नव्हता.

रविवारी चारच्या सुमारास फोन वाजला. दुकान बंद, शटर अर्धं खाली, आत भट्टी. कुलदीपच्या मागं वारा होता.

"बोल जिराफा."

"बोल."

"माय आलती म्हनते. जाळीची ऑर्डर देऊन गेली म्हनते. साल्या, फौजेत बातमी फुटली तं मले लय हासतीन बे. गनर कुलदीप, त्याची माय कूलर पाठोते."

"हासू दे."

"उद्या कागद हाय." त्याचा आवाज खाली आला. "माय रडते. बहीन म्हनते ये. मी म्हनलं, नितेशले इचारतो. तू सांग, गड्या. मी आत बसतो, मले आतून काई दिसत नाई. एवढीशी काच. तू सारं पाहतं, वरून. आपले टिकतीन का नाई?"

नितेशचे डोळे टेबलावर होते. सुतळीवर. बोलायचं ते त्यानं आदल्या दिवशी लिहून काढलं होतं, मुद्दे, एक दोन तीन. एकही आठवेना. पुस्तक मधूनच उघडलं होतं.

"टिकतीन," तो म्हणाला. "एकटे नाई टिकत. सोबत सारे असले तं टिकतीन. आज तेवढं सारं हाय का? मले नाई माईत, कुलदीप. खरंच नाई माईत. होऊन राह्यलं एवढं माईत हाय. व्हिडिओत मी अर्धंच सांगितलं. बाकीचं वहीत हाय."

"अर्धं काहून?"

"तू येशीन म्हनून."

वाऱ्याचा आवाज. नितेशनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खुशालकाका दुकान देऊन राह्यले दोघाले," नितेश म्हणाला. एकदा सुटलं म्हणून सगळंच सुटलं. "तू म्हनला आवडून राह्यलं, अन् मी तो व्हिडिओ केला. अन् भरतीच्या दिवशी... मी बोटं दाखोली तुले, झालं म्हनून. झालं नव्हतं. तू रांगेतून निघशीन म्हनून दाखोली. तवा तुले जाऊ देल्लं अन् आता वापस वढून राह्यलो. टँकचं काई नाई बे याच्यात. मले तू पायजे, बस."

पलीकडं कुलदीप हसला असावा, किंवा नाक ओढलं असावं. "माईत होतं मले," तो म्हणाला.

"काय माईत?"

"भरतीचं. अबे, तुयं तोंड पाह्यलं होतं ना मी. पन तू बोटं वर केली, अन् मी म्हनलं, हा एवढं खोटं बोलून राह्यला मायासाठी, तं जाऊ आता." मग थांबून, "मले जावंसंबी वाटत होतं. आताबी वाटते. भेव वाटते ना, लय वाटते, पन तरी. भरू का कागद?"

नितेशनं डोळे मिटले. मिटल्यावर सगळ्यांना एकच रंग दिसतो. "भर," तो म्हणाला. "ठेवलं तं राह्य. नाई ठेवलं तं दुकान हाय. दोन्हीकडून मी हाव. अन् काकूले मी जाऊन सांगतो, पुरं सांगतो, अर्धं नाई."

"मार खाशीन."

"खाईन."

"अन् जाळी? झाली काय?"

"झाली. वेल्डिंग झालं, बिजागऱ्या लावल्या. आतून उघडते. रंग राह्यला."

"कोनता देतं?"

"हिरवा. तुमचा असते तो."

"डबा पाह्यला का? का मास्तरच्या कूलरसारखा लाल फासतं?" आणि मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "डब्यावर लिहून देते काय रे कोनी, आता?"

नितेशनं फळीकडं पाहिलं. सहा डबे होते. एकावरही अक्षर नव्हतं. सव्वातीन वर्षं झाली, तो लेबल वाचून काढतो, आणि लेबल फाटलं असेल तर गिऱ्हाइकालाच विचारतो.

"नाई," तो म्हणाला. "तू सुट्टीवर कधी येतं?"

"दिवाळीपर्यंत कठीनच दिसते. तवर गंज चढन ना बे तिच्यावर."

"चढू दे. दर रईवारी पालिश पेपर मारीन. दिवाळी असो का दोन साल लागो, जाळी अठीच खिळ्याले राहीन, उघडी, बिनरंगाची. तू येजो, डब्यावर अक्षर काढजो, मंगच ब्रश बुडवीन. तवर तिले रंग नाई लागत, कुलदीप. शब्द देतो."